वृद्धांची घरोघर नेत्रतपासणी : हैदराबादचा धडा

गावात नेत्रशिबिर भरते, तेव्हा शाळेच्या पटांगणात सकाळपासून रांग लागते. नोंद होते, तपासणी होते, कोणास चष्मा मिळतो, कोणास शस्त्रक्रियेची तारीख मिळते. संध्याकाळी अहवाल तयार होतो व इतक्या जणांची तपासणी झाली असे त्यात नमूद केले जाते. हे सर्व काम मोलाचेच आहे. परंतु त्या अहवालात एक नोंद बहुधा नसते. शिबिरापर्यंत येऊ न शकलेले किती, ही ती नोंद होय. अर्धांगवायूने एक बाजू गेलेले आजोबा, खुब्याचे हाड मोडल्यापासून खाटेवर असलेली आजी, सांधेदुखीमुळे उंबरठा ओलांडणे अशक्य झालेली वृद्धा, स्मृतिभ्रंशामुळे एकटे बाहेर पाठविता न येणारे गृहस्थ, ही सारी माणसे रांगेत नसतात. आणि दृष्टिदोषाचे प्रमाण सर्वांत अधिक असते ते नेमके याच वयात व याच माणसांत.

अशा व्यक्तींची नेत्रतपासणी त्यांच्या राहत्या ठिकाणी जाऊन करता येते काय, त्यातून काय साध्य होते आणि काय साध्य होत नाही, याचा विचार करण्यासाठी शेजारच्या हैदराबाद शहराचा अनुभव उपयुक्त ठरणारा आहे.

हैदराबादचे नाते

मराठवाड्यातील जनतेला हैदराबाद परके नाही. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मराठवाडा हा हैदराबाद राज्याचाच भाग होता. त्या शहरात मराठी भाषिकांची जुनी वस्ती आहे आणि नांदेड, देगलूर, धर्माबाद या भागांतील रुग्ण उपचारांसाठी आजही तेथे जात असतात. मेहदीपट्टणम भागातील सरोजिनी देवी शासकीय नेत्ररुग्णालय आणि बंजारा हिल्स येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था ही नावे सीमाभागातील अनेक कुटुंबांना परिचयाची आहेत.

यांपैकी एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेची स्थापना डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांनी १९८७ मध्ये केली. रुग्णाने शहरात यावे, अशी केवळ वाट न पाहता सेवेने रुग्णाकडे जावे, हे या संस्थेच्या कार्याचे वैशिष्ट्य होय. तिने आपल्या सेवेची रचना पायऱ्यापायऱ्यांची केली. सुमारे ५० हजार लोकवस्तीसाठी एक दृष्टिकेंद्र, सुमारे ५ लाख लोकवस्तीसाठी शस्त्रक्रियेची सोय असलेले ग्रामीण केंद्र आणि त्यावर मोठी रुग्णालये, अशी ही रचना आहे. संस्थेचे पहिले ग्रामीण केंद्र १९९६ मध्ये तत्कालीन आदिलाबाद जिल्ह्यातील मुधोळ येथे सुरू झाले. भोसले गोपाळराव पटेल यांचे नाव धारण करणारे हे केंद्र आपल्या नांदेड जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही.

वृद्धाश्रमांतील पाहणी

याच संस्थेने हैदराबाद शहर व परिसरातील वृद्धाश्रमांत ६० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींच्या डोळ्यांची एक पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. या पाहणीत वृद्धांना रुग्णालयात बोलाविण्यात आले नाही. प्रशिक्षित पथक उपकरणे घेऊन वृद्धाश्रमांत गेले व तेथेच तात्पुरती तपासणीची जागा उभारून प्रत्येकाची संपूर्ण नेत्रतपासणी करण्यात आली. ४१ वृद्धाश्रमांतील १,१८२ जणांची अशी तपासणी झाली. त्यांचे सरासरी वय सुमारे ७५ वर्षे होते.

निष्कर्ष विचार करावयास लावणारा होता. सुमारे ३० टक्के वृद्धांची दृष्टी अधू आढळली. म्हणजेच त्यांच्या त्यातल्या त्यात चांगल्या डोळ्याची दृष्टी, नेहमीचा चष्मा असल्यास तो लावूनही, ६/१८ पेक्षा कमी होती. निरोगी डोळ्यास १८ मीटरवरून जे अक्षर दिसते, ते ६ मीटरवरूनही त्यांना वाचता येत नव्हते.

अधू दृष्टीची कारणे त्याहूनही महत्त्वाची आहेत. पहिले कारण मोतीबिंदू, सुमारे ४६ टक्के. दुसरे कारण योग्य चष्मा नसणे, सुमारे २७ टक्के. तिसरे कारण, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यानंतर कृत्रिम भिंगामागील पडदा धूसर होणे, सुमारे १५ टक्के. या तिसऱ्या दोषावर लेसर किरणांचा उपचार काही मिनिटांत करता येतो. याचा अर्थ असा की, दृष्टी अधू झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक वृद्धांचा दोष दूर होण्याजोगा होता. जे केवळ म्हातारपण म्हणून सोसले जात होते, ते बहुतांशी उपचारांअभावी आलेले अंधत्व होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे वृद्ध रानावनात राहणारे नव्हते. देशातील नामांकित नेत्ररुग्णालये ज्या शहरात आहेत, त्याच शहरात ते राहत होते. त्यांच्या आणि उपचारांच्या मध्ये होते ते अंतर मैलांचे नव्हते. सोबत कोणी नसणे, वाहन नसणे, जिना उतरता न येणे आणि आता या वयात काय करावयाचे आहे ही भावना, यांचे ते अंतर होते. असे अंतर खेड्यातील घरातही असते.

गावापर्यंत आलेली तपासणी

तेलंगणा शासनाने १५ ऑगस्ट २०१८ रोजी मेदक जिल्ह्यातील मलकापूर येथून कंटि वेलुगु, म्हणजे डोळ्यांचा प्रकाश, हा सार्वत्रिक नेत्रतपासणीचा कार्यक्रम सुरू केला. गावोगावी व शहरांच्या प्रभागांत पथके जाऊन तपासणी करीत. जवळचे पाहण्याचा चष्मा जागीच देण्यात येई. पहिल्या टप्प्यात दीड कोटीहून अधिक लोकांची तपासणी झाली. दुसरा टप्पा १८ जानेवारी २०२३ रोजी खम्मम येथे सुरू होऊन त्याच वर्षी पूर्ण झाला.

एवढ्या मोठ्या प्रमाणावर तपासणी लोकांच्या दारापर्यंत नेता येते, हे या कार्यक्रमाने दाखवून दिले. परंतु गावातील शिबिर आणि घरातील खाट यांत आणखी एक टप्पा उरतोच. शिबिर गावात आले तरी जो खाटेवरून उठू शकत नाही, त्याच्या दृष्टीने ते शंभर कोसांवरच असते. इंग्लंडमध्ये ६० वर्षांवरील व्यक्तींची नेत्रतपासणी तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेमार्फत विनामूल्य होते आणि आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्यास दुसऱ्याच्या मदतीशिवाय घराबाहेर पडता येत नाही, त्याची तपासणी घरी येऊन केली जाते. आपल्या देशातही २०१०-११ पासून राबविण्यात येत असलेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात अंथरुणास खिळलेल्या वृद्धांच्या गृहभेटींची तरतूद आहे. या गृहभेटीत रक्तदाब पाहिला जातो, त्याचप्रमाणे डोळेही पाहिले जावेत, एवढाच या लेखाचा आग्रह आहे.

दृष्टी गेल्याने काय काय जाते

घरी पडून असलेल्या माणसास दृष्टीची काय गरज, असा प्रश्न काही जण विचारतात. वस्तुतः ज्याचे पाय गेले, त्याला डोळ्यांची गरज अधिक असते. रात्री लघुशंकेस उठताना पायरी न दिसल्याने वृद्ध माणूस पडतो, खुबा मोडतो व पुढे कायमचा अंथरुणास खिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मृत्युमुखी पडतात व त्यांत वृद्धांचे प्रमाण सर्वाधिक असते. पडण्याची कारणे अनेक असली, तरी अधू दृष्टी हे त्यांतील एक महत्त्वाचे व टाळता येण्याजोगे कारण आहे.

दिसेनासे झाले की गोळ्यांची अदलाबदल होते. ताटातील पदार्थ ओळखता येत नाही म्हणून जेवण कमी होते. पोथी सुटते, निवडणे-टिपणे सुटते, नातवंडांचे चेहरे धूसर होतात. दारात आलेला माणूस ओळखता आला नाही की घरातील मंडळी आजीला आताशा आठवत नाही असे म्हणू लागतात. पुष्कळदा आठवण शाबूत असते, दृष्टी मात्र गेलेली असते. म्हणून वृद्ध माणूस गोंधळल्यासारखा वागू लागल्यास त्याचे डोळे व कान तपासून घेणे अगत्याचे आहे.

घरी तपासणी कशी करतात

घरातील तपासणीचे दोन भाग असतात. पहिला भाग प्राथमिक पाहणीचा असून तो आशा स्वयंसेविका, आरोग्यसेविका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी यांना करता येतो. दुसरा भाग नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याचा किंवा नेत्रतज्ज्ञाचा असतो.

प्राथमिक पाहणीत प्रथम विचारपूस करावी. धूसर दिसते काय, दिव्याभोवती वलये दिसतात काय, डोळा दुखतो काय, मधुमेह आहे काय, पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे काय, चष्मा किती वर्षांपूर्वीचा आहे, हे प्रश्न विचारावेत. त्यानंतर दूरची दृष्टी पाहावी. हॉलंडमधील डॉ. हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये दृष्टितक्ता तयार केला. त्याच तत्त्वावरील इंग्रजी ई अक्षराचा तक्ता निरक्षर व्यक्तीसही उपयोगी पडतो. अक्षराच्या तीन दांड्या कोणत्या दिशेस आहेत, ते तिने हाताने दाखवावयाचे असते. तक्ता सामान्यतः ६ मीटर अंतरावर ठेवतात. लहान घरात एवढे अंतर मिळत नाही, म्हणून ३ मीटरसाठी तयार केलेला तक्ता वापरावा. ६ मीटरचा तक्ता जवळ आणून वापरल्यास निष्कर्ष चुकतो.

तपासणीच्या वेळी रुग्णास शक्य तर पाठीला आधार देऊन बसवावे. प्रकाश तक्त्यावर पडावा, रुग्णाच्या डोळ्यांवर पडू नये. नेहमीचा चष्मा असल्यास तो लावूनच तपासावे. एक डोळा तळहाताने, बुबुळावर दाब न देता झाकावा व प्रत्येक डोळा स्वतंत्र पाहावा. ही सूचना महत्त्वाची आहे. एक डोळा पूर्ण निकामी झाला तरी दुसऱ्यावर काम भागत असल्याने कित्येक वृद्धांना ते वर्षानुवर्षे कळलेलेही नसते. तक्त्यावरील सर्वांत मोठे अक्षरही दिसत नसेल, तर ३ मीटरवरून बोटे मोजावयास सांगावीत. चांगल्या डोळ्यानेही ती मोजता येत नसतील, तर अशी व्यक्ती अंध या व्याख्येत येते, असे ढोबळमानाने समजावे.

ज्यास तक्ता नीट वाचता येत नाही, त्याच्या डोळ्यासमोर बारीक छिद्र असलेली काळी चकती धरावी. छिद्रातून पाहिल्यावर दृष्टी सुधारली, तर चष्म्याने उपयोग होण्याचा संभव असतो. सुधारली नाही, तर मोतीबिंदू किंवा अन्य विकाराचा संशय घ्यावा. शेवटी सुमारे ४० सेंटिमीटर अंतरावर लहान-मोठ्या अक्षरांचा कागद धरून जवळची दृष्टी पाहावी व विजेरीच्या प्रकाशात बाहुलीचा रंग पाहावा. बाहुली पांढुरकी दिसल्यास मोतीबिंदूची शक्यता असते.

दुसऱ्या भागात नेत्रचिकित्सा अधिकारी हातात धरावयाची उपकरणे, चाचणीची चौकट व भिंगे घेऊन येतो. रेटिनोस्कोप या छोट्या उपकरणाने डोळ्यात प्रकाश टाकून, रुग्णास काही बोलता आले नाही तरी चष्म्याच्या नंबराचा अंदाज घेता येतो. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या बाबतीत हे विशेष उपयोगी आहे. डोळ्यातील दाब मोजण्याची व आतील पडदा पाहण्याची सुवाह्य साधनेही आता उपलब्ध आहेत.

नंबर काढणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे

हैदराबाद, पुणे, मुंबई यांसारख्या शहरांत आता चष्म्याचे काही व्यावसायिक घरी येऊन नंबर काढून देतात. ही सोय चांगली आहे, परंतु तिची मर्यादा ओळखली पाहिजे. चष्म्याचा नंबर बरोबर निघाला म्हणजे डोळा निरोगी आहे असे होत नाही. काचबिंदूमध्ये बाजूची दृष्टी हळूहळू जाते, समोरचे मात्र बराच काळ स्वच्छ दिसत राहते. त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही, पण उरलेली उपचारांनी राखता येते. मधुमेहात डोळ्याच्या आतील पडद्यास प्रथम इजा होते व दृष्टी त्यानंतर बिघडते. म्हणून मधुमेही व्यक्तीच्या डोळ्याचा पडदा दरवर्षी तपासला गेला पाहिजे.

काही लक्षणांत गृहभेटीची वाट पाहू नये. एकाएकी दिसेनासे होणे, डोळा लाल होऊन तीव्र वेदना होणे, प्रकाशाचे लोळ दिसून पडदा ओढल्यासारखे वाटणे, डोळ्यास मार लागणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कोणाच्या तरी उरलेल्या औषधाचे थेंब, मध किंवा झाडपाल्याचा रस डोळ्यात घालू नये. विशेषतः स्टेरॉईड असलेले थेंब डॉक्टरांच्या देखरेखीविना दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो.

दुसरा प्रवास

हैदराबादच्या पाहणीतील खरा धडा येथे आहे. अधू दृष्टीचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू असेल, तर केवळ घरी जाऊन तपासल्याने दृष्टी परत येणार नाही. चष्मा घरी पोहोचविता येतो, शस्त्रक्रिया घरी पोहोचविता येत नाही. तपासणीचा प्रवास पथकाने केला, तरी शस्त्रक्रियेचा प्रवास रुग्णासच करावा लागतो. त्याची व्यवस्था नसेल, तर तुम्हाला मोतीबिंदू आहे असे सांगणारी चिठ्ठी उशाखाली पडून राहते. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, २०१५ ते २०१९ या काळात ५० वर्षांवरील व्यक्तींतील अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आढळले. १९७६ पासून राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम चालू असतानाही हे प्रमाण राहते, याचा अर्थ शेवटच्या घरापर्यंत पोहोचणे अद्याप बाकी आहे.

शस्त्रक्रियेबाबत वृद्धांच्या मनात भीती असते, तिचे निरसन करावे. मोतीबिंदू पिकल्यावरच काढावा, ही समजूत आता योग्य नाही. अति पिकलेल्या मोतीबिंदूमुळे डोळ्यातील दाब वाढून वेदना होऊ शकतात. शस्त्रक्रिया बहुधा केवळ डोळा बधिर करून होते, कृत्रिम भिंग बसविले जाते व रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाऊ शकतो. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र तो थोडा वेळ उताणा व स्थिर पडून राहू शकेल काय, खोकला किंवा दम आहे काय, रक्तदाब व साखर नियंत्रणात आहे काय, हे आधी पाहावे लागते. नंतर काही आठवडे डोळ्यात वेळेवर थेंब घालणारे माणूस घरात हवे. ते कोण, हे शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवावे.

कोणी काय करावे

आशा स्वयंसेविका ३० वर्षांवरील व्यक्तींच्या आरोग्याची माहिती ज्या तक्त्यात भरतात, त्यात धूसर दिसणे व वाचताना त्रास होणे यांबाबत विचारणा असते. त्याच वेळी घराबाहेर न पडू शकणाऱ्या वृद्धांची वेगळी यादी करावी. प्राथमिक आरोग्य केंद्राने ती नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडे द्यावी व एका गावाच्या सर्व गृहभेटी एकाच दिवशी ठरवाव्यात. शिबिराच्या अहवालात तपासलेल्यांच्या संख्येबरोबरच येऊ न शकलेल्यांची व नंतर घरी तपासलेल्यांची संख्याही नोंदविली जावी.

ग्रामपंचायतीने शस्त्रक्रियेच्या दिवशी वाहन व सोबतीस एक माणूस यांची तजवीज करावी. शिक्षकांचाही यात मोठा वाटा आहे. तुमच्या घरी शिबिरास न आलेले कोण आहे, हा प्रश्न वर्गात विचारला, तर गावाची यादी एका तासात तयार होईल. ई अक्षराचा तक्ता कसा वापरतात, हे मोठ्या वर्गातील मुले सहज शिकू शकतात. निदान मात्र त्यांनी करावयाचे नाही, केवळ वर्दी द्यावयाची आहे.

कुटुंबाने तपासणीची वाट पाहत असतानाही काही गोष्टी कराव्यात. खाटेपासून मोरीपर्यंत रात्री मंद दिवा असावा. पायरीच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा ओढावा. वाटेतील पोती, घडवंची व सुटी चटई हलवावी. पूर्वीचा चष्मा पुसून, दांडी दुरुस्त करून द्यावा. दुसऱ्याचा चष्मा मात्र वापरावयास देऊ नये.

नेत्रशिबिराचे यश पटांगणातील रांगेच्या लांबीवरून मोजण्याची पद्धत आहे. यापुढे ते आतल्या खोलीतील खाटेपर्यंत किती पावले पडली आणि त्या खाटेवरील माणूस पुन्हा आपल्या माणसांचे चेहरे ओळखू लागला काय, यावरूनही मोजले जावे. हैदराबादमध्ये उपकरणांची पेटी वृद्धाश्रमाच्या दारात गेली, तेव्हा दडून राहिलेले अंधत्व उजेडात आले. आपल्या गावातही ते असेच दडलेले आहे. त्याचा शोध घेण्यास यादी, तक्ता व विजेरी एवढ्याने प्रारंभ करता येईल. रुग्णालयापर्यंतची सोबत मात्र गावाने द्यावयाची आहे.